जाड तारेचा हट्ट

बेस गिटारच्या तारांविषयी मी बरीच वर्षं जे मानत होतो, त्यातलं निम्मं चुकीचं होतं. ते मी माझ्यापुरतंही ठेवलं नाही, इतरांना शिकवलं. तारेची जाडी, तिचा ताण आणि बोटाला जाणवणारा तिचा कडकपणा या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. मी तिन्ही एकच समजत होतो. त्या समजुतीपायी एक चांगलं वाद्य बिघडलं, माझं मनगट कित्येक महिने दुखत राहिलं आणि माझ्याकडे शिकायला येणाऱ्या एका मुलीनं बेस सोडला. यातलं शेवटचं नुकसान सगळ्यात मोठं, आणि ते भरून निघालेलं नाही. नव्यानं बेस हातात घेणाऱ्या कुणावर ही वेळ येऊ नये, म्हणून हे क्रमानं लिहितो आहे.

आधी आकड्यांबद्दल. तारांच्या पाकिटावर 45-65-85-105 असे चार आकडे छापलेले असतात. ही जाडी इंचाच्या हजाराव्या भागात मोजलेली असते. म्हणजे 45 ची तार 0.045 इंच, साधारण 1.14 मिलिमीटर, 105 ची तार 2.67 मिलिमीटर. पहिली सगळ्यात बारीक, ‘जी’ सुरात लावायची. मग ‘डी’, मग ‘ए’ आणि सगळ्यात जाड ‘ई’. दुकानात, तालमीत, बेस वाजवणाऱ्यांच्या गप्पांत हाच आकडा फिरत असतो. त्यामुळे माझी अशी ठाम समजूत झाली होती की आकडा मोठा म्हणजे आवाज मोठा, आणि आवाज मोठा म्हणजे वादक तयार.

तेव्हा मी पुण्यात एका ऑर्केस्ट्रात वाजवत होतो. हिंदी-मराठी चित्रपटगीतांचे कार्यक्रम, नाट्यगृहं, लग्नाच्या हॉलमधले स्वागतसमारंभ, गणेशोत्सवातले मांडव. तालमीत माझा बेस भरघोस ऐकू यायचा आणि कार्यक्रमात मात्र ढोलक आणि कीबोर्डखाली दबून जायचा. त्याच सुमारास मी जेम्स जेमरसन यांच्याबद्दल वाचलं. डेट्रॉइटच्या मोटाउन कंपनीच्या असंख्य गाण्यांत बेस वाजवणारा हा माणूस 1962 च्या फेंडर प्रिसिजन बेसवर ला बेला कंपनीच्या जाड फ्लॅटवाउंड तारा लावत असे, त्या शक्यतो बदलत नसे, आणि वाजवायला उजव्या हाताची केवळ तर्जनी वापरत असे. मी त्यातलं ‘जाड तारा’ एवढंच उचललं. पुढच्याच आठवड्यात माझ्या बेसवरच्या 45-65-80-100 च्या तारा काढल्या आणि 55-75-90-110 चा संच चढवला.

त्या बदलाचा अर्थ काय होतो हे मला तेव्हा कुणी विचारलं असतं, तर ‘प्रत्येक तार थोडी जाड झाली’ असं मी सांगितलं असतं. खरा हिशेब असा आहे. लांबी आणि सूर तोच ठेवला तर ताण तारेच्या वजनाबरोबर वाढतो, आणि सारख्या बांधणीच्या तारांत वजन जाडीच्या वर्गानं वाढतं. ‘ई’ तार 100 वरून 110 झाली की ताण 21 टक्के वाढतो. ‘जी’ तार 45 वरून 55 झाली की तो 49 टक्के वाढतो, म्हणजे जवळपास दीडपट. दोन्हीकडे भर दहाचीच, पण बारीक तारेवर तिचा भार दुपटीहून जास्त पडतो. चारही तारा मिळून नेकवर आधी ढोबळमानाने 77 किलोंची ओढ होती, ती 100 किलोंच्या पुढे गेली.

लाकडाच्या नेकवर अचानक 25 किलो ओढ वाढली तर व्हायचं तेच झालं. नेक पुढे वाकली. तारा फ्रेटबोर्डपासून उंच गेल्या, बाराव्या फ्रेटपाशी तर चांगल्याच. यालाच अ‍ॅक्शन वाढली म्हणतात. मी मात्र समजलो की जाड तार अशीच असते, बोटांनी ती दाबायची ताकद कमवायला हवी. त्यात आणखी एक अडचण आली. जाड तारा नेकच्या टोकाला असलेल्या नटच्या खाचांत नीट बसेनात. मी घरातली बारीक कानस घेतली आणि खाचा रुंद केल्या. नटमधून घासलेला भाग परत येत नाही, हा विचार डोक्यात आलाच नाही. मग नेकमधला ट्रस रॉड आवळला. तोही एका दमात, पाव फेरा फिरवून नेकला बसायला वेळ देण्याची पद्धत असते हे माहीत नसताना. नेक बऱ्यापैकी सरळ झाली, आणि आपल्याला वाद्याचं काम जमतं असा मला विश्वास वाटू लागला.

आवाज बदलला का? बदलला. भरदार झाला, पण कार्यक्रमात तो तितकाच दबून जात होता. याचं कारण मला फार उशिरा समजलं. मी अ‍ॅम्पवर खालचे आणि वरचे सूर वाढवून मधले पार उतरवून ठेवत असे, कारण घरात एकट्यानं वाजवताना ते छान वाटायचं. गर्दीच्या वाद्यमेळात बेसची ओळख मधल्या सुरांतून पटते. नेमकं तेच मी बंद करून बसलो होतो. एक बटण फिरवून सुटणाऱ्या अडचणीसाठी मी नेकवर 25 किलो लादले.

जेमरसन यांच्याबाबतीतही मी अर्धवट वाचलं होतं. ते मुळात उभा डबल बेस वाजवणारे. त्या वाद्याच्या तारेची लांबी साधारण 42 इंच, आपल्या बेस गिटारची 34. तिथली जाड तार वर्षानुवर्षं ओढलेल्या हाताला बेस गिटारवरची जाड फ्लॅटवाउंड तार ओळखीची वाटली असणार. शिवाय मोटाउनच्या स्टुडिओत बेस अ‍ॅम्पमधून न घेता थेट मिक्सिंगच्या यंत्रणेत जोडून ध्वनिमुद्रित करत. रेकॉर्डवरचा तो आवाज त्या हाताचा, त्या तारांचा आणि त्या खोलीचा मिळून झालेला होता. त्यातली एक तार सोडवून घेऊन पुण्याच्या मांडवात बांधली की आवाजही मागोमाग येईल, हे मी धरूनच चाललो.

सहा-सात महिन्यांत डावं मनगट दुखू लागलं. आधी कार्यक्रमानंतर, मग तालमीत, मग सकाळी चहाचा कप उचलतानाही. मी कुणाला सांगितलं नाही. आपल्याकडे वाद्य शिकताना बोटं सोलवटणं, घट्टे पडणं हे तयारीचं लक्षण मानतात आणि त्यात तथ्य आहे. पण घट्टा कातडीला पडतो. सांध्यातली आणि स्नायूतली कळ वेगळी असते. तो फरक मी ओळखायला हवा होता. शेवटी डॉक्टरांनी काही आठवडे वाजवणं बंद करायला लावलं.

परत वाजवायला लागलो तेव्हा मी दुसऱ्या टोकाला गेलो. जाड तारांनी त्रास दिला, तर आता बारीक तारा. 40-60-75-95. ‘जी’ तारेचा ताण 55 च्या मानानं जवळजवळ निम्मा झाला, चारही तारांची एकूण ओढ 65 किलोंच्या आसपास उतरली. बोटांना इतकं हलकं वाटलं की मला आनंदच झाला. पण पहिल्या पाच फ्रेटवर प्रत्येक तार खरखरू लागली. मोकळी तार वाजवली तरी नटपाशी किणकिण व्हायची. जोरात छेडलं की सूर आधी चढा लागायचा आणि मग खाली येऊन बसायचा. बारीक तारा वाईट असतात, असा निकाल मी देऊन टाकला आणि तो चार जणांना ऐकवलाही.

बेस दुरुस्तीला नेला, तेव्हा तिथल्या वयस्क कारागिरांनी नेक डोळ्यासमोर धरून एका बाजूनं पाहिली आणि विचारलं, “तारा बारीक केल्यात, तेव्हा रॉड सैल केला होता का?”

“नाही.”

“मग तारांना कशाला दोष देता? नेक मागं गेलीय. तुम्ही रॉड शंभर किलोंसाठी आवळलाय आणि ओढणारे आता पासष्टच किलो आहेत.”

नेकमध्ये कायम एक रस्सीखेच चालू असते. तारा पुढे ओढतात, रॉड मागे धरतो. एका बाजूची माणसं कमी केली की दुसरी बाजू घसरत जाते. माझी नेक उलटी वाकली होती आणि तारा पहिल्या फ्रेटांवर जवळजवळ टेकल्या होत्या. नटच्या खाचा मी जाड तारांसाठी घासल्यामुळे बारीक तारा त्यांत सैल हलत होत्या. किणकिण तिथली होती. त्यांनी रॉड सैल केला, नवीन नट बसवला, सातव्या फ्रेटपाशी तार आणि फ्रेट यांत मिलिमीटरच्या एक तृतीयांशाएवढी फट ठेवली आणि सॅडल खालीवर करून बाराव्या फ्रेटवर ‘ई’ तारेखाली सव्वादोन मिलिमीटर उंची ठेवली. बेस हातात दिला तेव्हा तारा त्याच होत्या, पण वाद्य वेगळं होतं.

चढा लागणारा सूर मात्र या सेटअपनंही गेला नाही. तो माझ्या हातातला दोष होता. सैल तार जोरात ओढली की ती क्षणभर ताणली जाते, तिचा ताण वाढतो आणि सूर चढतो. जाड तारांच्या दिवसांत मला बेस बडवायची सवय लागली होती. जाड तार ते सहन करून घेते आणि दोष झाकते. बारीक तार प्रत्येक जादा जोर ऐकवते. बेसवादक मार्क किंग यांच्या नावाशी जोडला जाणारा संच 30-50-70-90 इतका बारीक आहे. अशा तारांवर अंगठ्याचे वेगवान ठोके स्वच्छ निघतात, पण त्यासाठी उजव्या हाताचा जोर मोजून वापरावा लागतो. ही मोजदाद मी शिकलोच नव्हतो.

पुढची चूक गायकांच्या पट्टीवरून झाली. आमच्या ऑर्केस्ट्रातल्या ताई काही गाणी मूळ पट्टीच्या खाली गात. पांढरी चारमधलं गाणं काळी दोनमध्ये, म्हणजे दोन फ्रेट खाली. त्या पट्टीत बोटांच्या जागा बदलून वाजवायचा सराव करणं हा सरळ मार्ग होता. मी तो टाळला आणि चारही तारा दोन फ्रेट खाली उतरवून त्याच जागांवर वाजवायला लागलो. ताण सुराच्या वर्गानं बदलतो. एक फ्रेट उतरलं की 11 टक्के जातो, दोन उतरलं की 21 टक्के. माझ्या तारा आधीच 95 च्या संचातल्या. त्यात ही घट झाल्यावर ‘ई’ची तार वाजवताना फ्रेटवर आपटायची, सूर धूसर व्हायचा. शिवाय ओढ कमी झाली की नेक हलते, नेक हलली की बाकीच्या तारा बेसूर होतात. दोन गाण्यांच्या मधल्या निवेदनात मी खुंट्या फिरवत बसायचो आणि तरीही पुढच्या गाण्यात बेस किंचित बेसूर असायचा. ताईंनी एकदा कार्यक्रमानंतर शांतपणे सांगितलं, “मला खालचा सा सापडत नाही.” गायिकेला आधार द्यायचा ते वाद्य तिची वाट चुकवत होतं.

तंबोरा असलेल्या घरात वाढूनही हे माझ्या लक्षात येऊ नये याचं मला आजही वाईट वाटतं. पुरुषांच्या खालच्या पट्टीचा तंबोरा मोठा असतो आणि त्याच्या तारा जाड; उंच पट्टीचा तंबोरा लहान आणि तारा बारीक. पट्टी बदलली की तार बदलते, हे आपल्याकडच्या वाद्य लावणाऱ्यांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. हाच संबंध मारां मेर्सेन या फ्रेंच धर्मगुरूनं 1636 मध्ये नियमाच्या रूपात मांडला: तारेचा सूर लांबीच्या व्यस्त प्रमाणात बदलतो, ताणाच्या वर्गमुळाबरोबर चढतो आणि लांबीमागच्या वजनाच्या वर्गमुळाबरोबर उतरतो. बेसवर हे वापरायचं तर दोन फ्रेट खाली उतरवताना ताण टिकवायला जाडी 12 टक्क्यांनी वाढवावी लागते. 105 च्या ‘ई’ तारेच्या जागी साधारण 118 ची. कायम खाली लावायचं असेल तर जाड तार हेच बरोबर उत्तर. मी सरळ सुरात असताना जाड तारा लावल्या आणि सूर उतरवायचा होता तेव्हा बारीक.

याच नियमातून मला एक सुंदर गोष्ट सापडली. बेसच्या शेजारच्या दोन तारांत चौथ्याचं अंतर असतं, सा आणि शुद्ध मध्यम यांतलं. कंपनसंख्यांचं गुणोत्तर जवळपास 4:3. मग जाडीही त्याच पटीनं वाढवली तर सगळ्या तारांचा ताण सारखा येतो. 45 ला 4/3 नं गुणलं की 60, पुन्हा गुणलं की 80, पुन्हा गुणलं की 106.7. बाजारात 45-60-80-107 असा समताण संच मिळतो, त्याचं मूळ या गणितात आहे. उलट नेहमीच्या 45-65-85-105 च्या संचात, बांधणी सारखी धरली तर ‘डी’ तार ‘ई’पेक्षा सुमारे 22 टक्के जास्त ताणलेली असते. ‘डी’वर आपलं बोट अडतं आणि ‘ई’वर घसरतं, याचा मी वर्षानुवर्षं स्वतःच्या बोटांना दोष देत आलो. पाच तारांच्या बेसवर हा फरक आणखी उघड होतो. खालची ‘बी’ तार सेकंदाला फक्त 31 कंपनांच्या आसपास हलते. समताणाच्या हिशेबानं ती 142 ची लागते, प्रत्यक्षात बहुधा 125 किंवा 130 ची मिळते. म्हणून ती ढिली वाटते. काही पाच तारांचे बेस 34 ऐवजी 35 इंच लांबीचे करतात, त्यानं ताण 6 टक्के वाढतो.

गणित कळल्यावर माणूस गणितावर फार विसंबतो. मी तेही केलं. 45-65-85-105 च्या राउंडवाउंड तारा काढून त्याच आकड्यांच्या फ्लॅटवाउंड तारा घेतल्या आणि आकडे तेच असल्यानं सेटअपला हात लावायची गरज नाही असं ठरवलं. दोन दिवसांत नेक पुन्हा पुढे आली. वरचं सगळं गणित ‘बांधणी सारखी असेल तर’ या अटीवर उभं आहे, आणि ती अट मी विसरलो होतो. बेसच्या तारेत आत पोलादाची बारीक गाभ्याची तार असते, बहुतेक वेळा षटकोनी, आणि तिच्यावर दुसऱ्या तारेचे वेढे असतात. वेढ्यांचं काम वजन वाढवण्याचं. संपूर्ण तार एकसंध पोलादाची केली तर ती इतकी ताठ होईल की तिचे वरचे स्वर बेसूर लागतील. फ्लॅटवाउंडमध्ये वेढा चपट्या पट्टीचा असतो, मध्ये हवेची जागा कमी राहते, त्यामुळे त्याच जाडीत बहुधा जास्त धातू मावतो आणि ताण वाढतो. पण हाही पक्का नियम नव्हे. व्हिएन्नाच्या थोमास्टिक-इन्फेल्ड कंपनीच्या जॅझ फ्लॅट्स संचात ‘ई’ तार 100 ची असूनही तो संच अत्यंत मऊ लागतो. जाडीचा आकडा सारखा, तारा फ्लॅटवाउंडच, आणि तरी हाताला जाणवणारी खेच वेगळी.

आणखी दोन चुका थोडक्यात सांगतो. तारा ब्रिजऐवजी लाकडाच्या मागून ओवल्या की ताण वाढतो, असं ऐकून मी मागून ओवायची सोय असलेला ब्रिज बसवून घेतला. ब्रिज आणि नट यांच्यामधली लांबी तीच, सूर तोच, तार तीच, तर ताणही तोच राहतो. तार छेडताना किती लवते यात थोडा फरक जाणवू शकतो. तेवढ्यासाठी चांगल्या लाकडाला भोकं पाडायला नको होती. दुसरी चूक मित्राच्या 30 इंची बेसवर. लांब तार खुंटीपाशी काटकोनात वाकवण्याआधीच मी कापली. वाकवल्यानं वेढे गाभ्यावर पकडून राहतात. न वाकवता कापल्यामुळे ते सैल सुटले आणि तारेचा आवाज मेला. ती तार मित्रानं नुकतीच आणली होती.

आता त्या मुलीबद्दल. या चुका करत असतानाच, जाड तारांच्या दिवसांत, मी घरी शिकवायलाही लागलो होतो. ती तेव्हा शाळेत होती, बोटं लहान, तालाचा कान विलक्षण. ढोलकीचा ठेका ऐकून बेसची ओळ स्वतः बांधायची. तिच्या बेसवर आलेल्या मूळच्या तारा मी बदलायला लावल्या आणि माझ्यासारखाच जाड संच चढवायला सांगितला. ती म्हणायची, “सर, करंगळीनं दाबत नाही. मनगटात कळ येते.” मी सांगायचो, “बोटं तयार होतील. दाबत राहा.” माझं स्वतःचं मनगट दुखू लागलं होतं, आणि तरी मी हे सांगत होतो. आपण सहन करतोय तर शिष्यानंही करावं, असं मला वाटत होतं की काय, हे मी स्वतःला अनेकदा विचारलं आहे. त्याचं प्रामाणिक उत्तर ‘हो’ असं आहे.

तिनं हळूहळू यायचं कमी केलं, मग बंद केलं. परीक्षा असेल असं मी धरून चाललो. बऱ्याच काळानं एका कार्यक्रमात भेटली. तोवर मला तारांचं बरंच समजलं होतं. मी तिला सरळ सांगितलं की ती चूक माझी होती, त्या तारा तुझ्या हातासाठी नव्हत्या. ती जराशी गप्प राहून म्हणाली, “मला वाटलं, माझ्यातच तेवढा दम नाही.” तिनं पुन्हा बेस हातात घेतला नाही.

माझ्या सगळ्या चुकांत ही एकच अशी आहे की जिचा खर्च मी दिला नाही. नट नवा बसवता आला, मनगट बरं झालं, ताईंच्या पट्टीत वाजवायला शिकलो. पण एका मुलीनं वाद्याचा दोष स्वतःचा दोष मानला आणि तो मी तिला मानू दिला. तिला हवा होता 30 इंची बेस. 34 इंची बेसवर नटपासून पहिला फ्रेट 48 मिलिमीटरवर असतो, 30 इंचीवर 43. त्याच तारा लावल्या तरी ताण 22 टक्के कमी. बीटल्सच्या सुरुवातीच्या गाण्यांत पॉल मॅकार्टनी यांच्या हातात हॉफनर कंपनीचा असाच 30 इंची बेस आहे. त्याला कुणी लहान मुलांचं वाद्य म्हटलं नाही. मी मात्र ‘खरा बेस 34 इंचीच’ असं तिला ऐकवलं होतं.

आता माझ्याकडे कुणी शिकायला आलं तर तारांचा विषय मी सगळ्यात शेवटी काढतो. आधी नेक आणि अ‍ॅक्शन तपासतो, कारण निम्म्या तक्रारी तिथेच संपतात. मग हात पाहतो: अंगठा नेकला आवळून धरलाय का, उजवा हात गरजेपेक्षा जास्त मारतोय का. मग विचारतो की कोणत्या पट्टीत जास्त वाजवणार. एवढं झाल्यावर 45-105 च्या संचापासून सुरुवात करतो आणि बदलायचं तर एका वेळी एक पायरी, प्रत्येक वेळी सेटअपसह. संच बदलला की निदान दोन आठवडे मत बनवू नका असंही सांगतो. पहिल्या दिवशी बारीक तार नेहमीच सुखाची वाटते आणि जाड तार नेहमीच भारदस्त.

जाड तारांना माझा विरोध नाही. खाली लावलेल्या बेसला त्या हव्यात, जोरकस हाताला शोभतात, फ्लॅटवाउंडमध्ये त्यांचा गोलसर ठोका मला आजही आवडतो. काही गाण्यांसाठी माझ्या दुसऱ्या बेसवर त्या आहेतही. पण वाजवणाऱ्याच्या हातापेक्षा मोठा असा कुठलाही आकडा नाही. कातडीला घट्टे पडू द्या. सांध्यात किंवा मनगटात कळ आली तर मात्र तिथेच वाजवणं थांबवा, तुमचे सर काहीही म्हणोत, आणि तारा बदलून घ्या.